पांढराच राहिलेला लेप

प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली सकाळपासून निळ्या पाण्याचा पेला ठेवलाय, आणि पाणी अजून निळंच आहे. आत बुडवलेल्या काचपट्टीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप आहे. त्याची पूड आमच्या वंदनाने महिनाभर खपून ज्योतीत तयार केली, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांची. उजेड पडला की ती पाण्यातला रंग खाऊन टाकते. एव्हाना पाणी नितळ व्हायला हवं होतं.

चूक माझी. लेप घट्ट बसावा म्हणून काल मी भट्टी जास्त तापवली. आगीतूनच आलेली पूड, तिला आगीचं कसलं भय, असं वाटलं. पण त्या आचेत कण एकमेकांना चिकटून मोठे झाले, त्यांची आतली घडणही बदलली, आणि रंग खाण्याची ताकद गेली. लेप मात्र तसाच पांढराशुभ्र. नुसती नजर टाकून मी वहीत लिहिलं होतं, ‘ठीक’.

वंदना लहानपणीच आईबापाविना वाढलेली. दोन महिन्यांपूर्वी नवरा गेला, तर पंधराव्या दिवशी कामावर हजर, तशीच नीटनेटकी. “तिला सोसायची सवय आहे, ती ठीक आहे,” असं चहाच्या वेळी मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

“पट्टी वाया गेली गं,” मी म्हटलं.

ती निळ्या पाण्याकडे बघत राहिली. “वरून कळत नाही ना, सर.”

वहीतलं ‘ठीक’ मी खोडलं. चहाच्या वेळी बोललेलं कसं खोडायचं, ते मात्र कळेना.