आभारात घेतलेलं नाव

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली.

मी विद्यापीठात मानवी हक्क शिकवत असे. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्या परीक्षेच्या अहवालासाठी पेणजवळच्या मिठागरावर गेलो. तिथल्या एका बाईंनी मिठाने चिरलेली पावलं दाखवली, प्यायला पाणीही मिळत नाही म्हणाल्या. "पण सर, माझा नाव कुठं येऊ देऊ नका. मुकादम कामावर घ्यायचा नाय." मी शब्द दिला.

अहवालात त्यांचं नाव आलं नाही. मात्र मानवी हक्क दिनाच्या कार्यक्रमात आभार मी मानले. आभारात कुणी राहिलं की माणसं रुसतात, म्हणून मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली. त्या भरात बाईंचंही घेतलं, गावासकट. पहिल्या रांगेत आमचे पाहुणे म्हणून त्याच मिठागराचे मालक बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या हंगामात मुकादमाने बाईंना बोलावलं नाही, शेजारच्या मिठागरांनीही नाही. मी मात्र त्या वर्षीही साक्षीदाराची गुप्तता हा धडा शिकवला.

पुढे एकदा बाई रोह्याच्या बाजारात भाजी विकताना दिसल्या. त्यांनीच ओळखलं.

"पोरं पास झाली ना, सर?"

"झाली."

"बरा झाला. कुणाचा तरी भला झाला."

मी मेथीची जुडी घेऊन निघालो. आता त्या तिथे बसत नाहीत. कुठे गेल्या, कुणालाच ठाऊक नाही. सांगायचं होतं ते एवढंच: बाई, नाव घेऊ नका म्हणाला होतात, मी घेतलं. माझं चुकलं.