चिमीच्या शिंकांचा चोर

मंडळी, दुपारपासून लिहायचं टाळतोय. लिहिलं की चोर कोण ते सांगावं लागणार.

माझी पुतणी चिमी पाच वर्षांची. तिला सारख्या शिंका, मग दम. डॉक्टर म्हणाले, घरातली धूळ काढा. म्हणून तिला आजोळी हातकणंगल्याला पाठवलं आणि आज सकाळी सगळं घर ओल्या फडक्यानं पुसून काढलं.

माझा पहिला संशय शेजारच्या कबुतरांवर. मग दादाच्या जुन्या पेपरांवर. मग वहिनीच्या उदबत्तीवर.

वहिनी म्हणाली, "भावजी, कबुतरं बाराही महिने हायत की. पोरगी तुम्ही भटकून घरी आला की शिंकती."

मला रागच आला. तेवढ्यात तिनं माझी वाकळ काठीनं उचलली. आईच्या जुन्या लुगड्यांची आहे, जाईन तिथं बरोबर नेतो. घरी असलो की चिमी तिच्यातच झोपते.

"ही कवा धुतल्याली?"

आमच्यात नवरात्राआधी सगळ्या वाकळा धुतात. पण गेली चार वर्षं त्या दिवसांत मी बाहेरच, कधी पायी नृसिंहवाडीला, कधी आणखी कुठं. वाकळ खांद्यावर. म्हणजे चार वर्षं तिला पाणीच नाही!

कढत पाण्यात बुडवली, तर पाणी चहासारखं झालं. कडक उन्हात वाळली, तरी हीच चोर, यावर माझा विश्वास बसत नाही. तुमच्या घरात आहे का अशी वस्तू, नेमकी धुवायच्या दिवशी गायब असणारी?

थांबा, दारात रिक्षा वाजली. चिमी! ही तर परवा येणार होती. चप्पल काढून थेट वाकळीत शिरली. वहिनी माझ्याकडं बघतीय, आणि मी शिंकेची वाट बघतोय.