वाशी ते दिवाळे, पुढच्या चाकात साजूक तूप

सायकलवरून दिवाळ्याला जायचं खूळ ह्यांचं, माझं नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. वाशीत आम्ही नवे आणि लग्नही नवंच. तुर्भ्याच्या कारखान्यात ह्यांच्याबरोबर काम करणारा एक मित्र दिवाळ्याचा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, त्याने रविवारी जेवायला बोलावलं होतं. बसने गेलो असतो की नाही सरळ? पण नाही! "तुला खाडी दाखवतो," म्हणे. मला पोहता येत नाही, पाण्याची धास्ती लहानपणापासूनची. तरी पुरणपोळ्यांचा डबा आणि तुपाची डबी घेऊन बसले बाई कॅरिअरवर.

दसरा नुकताच झाला होता. खंडेनवमीला ह्यांनी सायकल अशी घासली की विचारू नका. पुढचं चाक काढून हबसुद्धा उघडला. हब म्हणजे चाकाच्या मधोमधची नळी. तिच्यातून ऍक्सल जातो, त्याच्याभोवती दोन्ही बाजूंना पोलादी छर्रे असतात, आणि ते जागेवर दाबून धरायला आट्यांवर फिरणारा एक निमुळता तुकडा असतो, त्याला कोन म्हणतात. हे सगळं रॉकेलमध्ये धुऊन लख्ख केलं, पण ग्रीस काही लावलं नाही. का, तर पूजेच्या वस्तूला काळं फासायचं नाही! हार सुकून उतरला की मग लावू. तो झेंडूचा हार हँडलवरून पार चाकापर्यंत लोंबत होता. "अहो, असंच न्यायचं? चालेल ना?" मी विचारलं. "सगळं ठीक आहे," हे म्हणाले.

तुर्भ्यापर्यंत ट्रकांची धूळ खाल्ली. नेरूळच्या अलीकडे टपरीवर चहा आणि गरम बटाटावडा घेतला, तो मात्र झकास होता. तिथून ह्यांनी मिठागरांच्या बांधावर सायकल घातली, जवळचा रस्ता म्हणून. तुम्ही जाणार असाल तर आता पामबीच रस्ता आहे, सीवूड्सवरून आरामात जाता येतं, बांधबिंध शोधत बसू नका. आणि कोजागिरीच्या सुमारास जाणार असाल तर भरतीची वेळ बघून निघा. तेव्हा उधाण ऐन दुपारी येतं. आम्हाला कुठे ठाऊक होतं?

बांधावर बरंच आत गेल्यावर पुढून कर्र कर्र आवाज यायला लागला. मग चाक एकदम अडलं आणि मी डब्यासकट खाली आले. दोन्ही बाजूंना काळा चिखल, आणि त्यात पाणी हळूहळू सरकत येत होतं.

मागून एक कोळीण आली. मासे विकून रिकामी पाटी घेऊन घरी चालली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. "ओ बाय, हितं काय बसलाव? पानी चढतंय. मागं आताच गुडघ्याला लागलं मना. फुडं बांध फुटलाय, थितं तर जास्तीच येल. चला बिगी बिगी!"

"पुढचं चाक उचलून ढकलत नेऊ या," मी म्हटलं. "बांध निसरडा आहे, पडशील," हे म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे. तू जा हिच्याबरोबर." सायकल टाकून हे येणार नव्हते, रोज कामावर जायचं तिच्यावरच. आणि मी ह्यांना टाकून कशी जाणार? ती बाई मान हलवत निघून गेली.

ह्यांनी चाक काढलं. हाराचा दोरा ऍक्सलभोवती गच्च आवळून आत शिरला होता. कोनाला बाहेरून आवळणारा नट ढिला राहिलेला, त्यामुळे कोन आपोआप फिरत कोरड्या छर्र्यांवर आवळला गेला होता. हिसका देऊन सोडवला आणि छर्रे सांडले, काही रुमालावर, काही चिखलात. आम्ही दोघं ओणवे होऊन शोधायला लागलो. तेवढ्यात बिळांतले खेकडे वर बांधावर चढायला लागले. खेकडे वर येतात म्हणजे पाणी कुठवर आलं असेल?

"तूप दे," हे म्हणाले. कोरडे छर्रे जागेवर राहीनात, म्हणून पुरणपोळीचं साजूक तूप बोटाने हबमध्ये भरलं आणि त्यात एकेक छर्रा चिकटवला. कोन हाताने घट्ट केला, मग किंचित मागे घेतला. चाक डगमगायला नको आणि अडायलाही नको. मी रडकुंडीला आले होते. "सगळे सापडले ना हो?"

"सगळे. सगळं ठीक आहे, बस."

आवाज इतका निवांत की मी बसले. फुटक्या बांधावर पाणी पायडलला लागलं, मी डोळे मिटून ह्यांचा शर्ट धरला आणि येतील तेवढ्या देवांची नावं घेतली. दिवाळ्यात होड्या दिसल्या तेव्हा कुठे शर्ट सोडला. बोंबलांचं कालवण फक्कड होतं म्हणतात, माझ्या घशाखाली उतरलंच नाही. परतताना हे म्हणाले, "तू बसने जा, दमलीयस." मला केवढं कौतुक वाटलं!

दुसऱ्या दिवशी ग्रीस भरायला ह्यांनी वर्तमानपत्रावर हब उघडला. घरभर तुपाचा वास. मी पाहिलं, एका बाजूला छर्र्यांची रांग भरलेली, दुसऱ्या बाजूला नुसत्या फटी.

"बाकीचे कुठायत?"

"बांधावर राहिले."

"आणि मला म्हणालात सगळे सापडले? चाक निसटलं असतं म्हणजे?"

"तू घाबरली होतीस ना. मीही घाबरलो होतो. सांगितलं असतं तर बसली असतीस?"

नसते बसले. म्हणून जास्तच राग आला, दोन दिवस बोलले नाही. तेव्हापासून आमच्याकडे दसऱ्याला सायकलीचा हार फक्त हँडलला, तोही आखूड, आणि ग्रीस पूजेच्या आधी. निघण्यापूर्वी पुढचं चाक उचलून मी स्वतः फिरवून, कान लावून ऐकते. ह्यांच्या शब्दावर जात नाही.

गेल्या महिन्यात हे डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. मी विचारलं, काय म्हणाले? "सगळं ठीक आहे." अगदी तोच आवाज, बांधावरचा, निवांत.

मी चपला पायात घातल्या. म्हटलं, "चला परत. मला स्वतः ऐकायचंय."