ताईचं पोट

ताईचं पोट वर्षभर दुखत होतं आणि अंगावर सारखं पित्त उठायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही. काल तिनं वर्षभर तिला बोलावणाऱ्या परदेशातल्या लेकाला फोनवर सांगितलं, "बाळा, मी तिकडे कायमची येणार नाही." मग माझ्यासमोर बसून ठेच्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर्षभर तिनं तिखटाला हातही लावला नव्हता.

डॉक्टर मागे म्हणाले होते, पोट, मेंदू आणि प्रतिकारशक्ती सतत एकमेकांशी बोलत असतात. मग हा नकार नेमका कुणाचा? ताईच्या मनाचा, की आतड्यांचा? आपण जिला माया म्हणतो, ती तरी अंगात कुठे राहते?

"लेकाची आठवण नाही येणार?" मी विचारलं.

"येणार की गं," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून वाहू लागले आणि हात तिसऱ्या भाकरीकडे गेला.