अकरा सेकंदांचं धावणं

"चालून दाखव बघू."

आमच्या कोलशेतच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत नव्याने आलेल्या प्रत्येकाला आमच्या मुख्य अ‍ॅनिमेटर सरांकडून पहिल्यांदा हेच ऐकावं लागे. चित्रातली म्हातारी जिना चढत असेल, तर आधी तुम्ही म्हातारी होऊन जिना चढायचा. एकदा तर क्लायंटसमोर आमच्या मालकांनाही त्यांनी हत्तीसारखं चालायला लावलं होतं.

सर स्वतः मात्र कधी चालून दाखवत नसत. लहानपणीच्या पोलिओमुळे त्यांच्या डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून ते डोंबिवलीहून यायचे. कोणी हात द्यायला पुढे झालं की म्हणायचे, "हात नको, वाट दे."

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं बसले, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

लहान मुलांचे बूट बनवणाऱ्या एका कंपनीसाठी आम्ही आठ मिनिटांची फिल्म करत होतो. आई, आजी, धाकटा भाऊ आणि सात वर्षांची मनी. मनीच्या पायात कॅलिपर. भावाचा पतंग कटतो आणि ती त्याच्यामागे निघते. कंपनीच्या बाईंना गोष्ट आवडली होती. फक्त शेवटी कॅलिपर गळून पडावा आणि मनीने मोकळ्या पायांनी धावावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"ती बरी का व्हायला हवी?" सरांनी विचारलं.

"सर, फॅमिली फिल्म आहे. बघणाऱ्यांना छान वाटायला हवं ना."

"मग माझं घर फॅमिलीत धरत नाही का तुम्ही?"

मीटिंग तिथेच संपली. मालकांनी मला बाजूला घेतलं. "तू समजाव गं त्यांना. काम दुसरीकडे गेलं तर अख्खी टीम बसून राहील." मी सांगायला गेले. सरांनी ऐकून घेतलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि म्हणाले, "दोन दिवस द्या म्हणावं. शॉट बघा, नाही पटला तर मी जातो. माझ्यापायी कोणी बसून राहायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. "मोबाइल काढ. मी धावणार आहे."

"सर, पडाल!"

"पडलो तर तेही घे. मनी पण पडणारे एकदा."

आणि ते धावले. डावा पाय कमरेतून बाहेर फेकत, एका हाताने मांडी दाबत, सगळं अंग एका बाजूला झोकून. प्रत्येक पावलाला लोखंड वाजत होतं. गेटपाशी पोचता पोचता ते कोसळले. मी धावत गेले. कोपर चांगलंच सोललं होतं.

"कॅमेरा खाली का केलास?" ते माझ्यावरच चिडले. "आता मला परत पडावं लागेल."

खरंच परत पडले.

त्यावरून त्यांनी त्या दोन दिवसांतच शॉट काढला. अकरा सेकंदांचा. मनी धावते, पडते, फ्रॉक झटकते आणि पुन्हा तशीच वाकडी, वेगात धावत सुटते. दयेला त्यात जागाच नव्हती. तिला फक्त पतंग हवा होता.

बाईंनी शॉट बघितला. परत लावायला सांगितला. मालक टेबलावर बोटं वाजवत होते. मग बाई म्हणाल्या, "कॅलिपरवर आमचे बूट बसतच नाहीत हो."

"बसायला हवेत," सर म्हणाले. "ते काम मात्र तुमचं."

शॉट राहिला. बुटांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली, तेव्हा कॅलिपर घातलेली एक मुलगी सरांपाशी आली. डोळ्यांत पाणी घेऊन वगैरे नाही, तक्रार घेऊन. "ती पायरी चढताना कठडा धरत नाही. मी धरते." सरांनी तिथल्या तिथे वही काढून लिहून घेतलं. "चुकलंच माझं," म्हणाले. परतताना रिक्षात ते इतके खूश होते, की मला हसू आवरेना.

पुढे त्या जुन्या पोलिओपायीच त्यांच्या उजव्या खांद्यातली ताकद जायला लागली. आधी स्कूटर सुटली, मग पेन्सिल. वर्षभर त्यांनी डाव्या हाताने काढून पाहिलं. रेघ मनासारखी येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. बहिणीकडे चिपळूणला राहायला जातो म्हणाले.

शेवटच्या दिवशी मी वर खिडकीत उभी होते. सरांसाठी रिक्षा गेटबाहेर थांबली होती. समोरच्या फुटपाथवरून एक बाई लेकीला घेऊन चालली होती. लेक आईची करंगळी धरून, फरशीवरची एकेक भेग चुकवत उड्या मारत होती. रिक्षात बसता बसता सरांनी पिशवी खाली ठेवली. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला, आणि त्या दोघी वळणाआड जाईपर्यंत सर त्या पोरीच्या पायांकडे बघत उभे राहिले.