एकादशीचे दोन कॅन

बद्रीनाथला इंग्रजी येतं असा सगळ्या खात्याचा समज होता, आणि त्यानं तो कधी खोडून काढला नव्हता. म्हणून एनर्जी ड्रिंकच्या कॅनवरचं बारीक अक्षर त्यालाच वाचायला लागलं. धान्य नाही, कांदा-लसूण नाही, एवढं बघून त्यानं मुंजाबामामांना सांगून टाकलं, "चालतंय उपासाला. बिनघोर प्या."

कॅफिन सोसत नसेल त्यानं पिऊ नये, असंही खाली छापलेलं होतं. तिथवर तो पोचलाच नाही.

मुंजाबामामा चितेगावच्या कारखान्यात, बद्रीनाथच्याच खात्यात, माल चढवायचे. उमर बावन्न. तिशीपर्यंत मेंढरांमागं हिंडले, मग कळप विकून इथं लागले. गेटातून येतानाही खांद्यावर काठी असल्यासारखे चालायचे. एकादशी त्यांनी कधी मोडली नव्हती. त्या दिवशी बदली माणूस आला नाही, म्हणून पहिली पाळी संपवून मामा दुसऱ्या पाळीला उभे राहिले. पोटात सकाळपासून सहा कप चहा, बाकी काही नाही. डोळे मिटायला लागले तेव्हा बद्रीनाथनं टपरीवरून दोन कॅन आणले.

अर्ध्या तासात मामा पंचविशीतल्या गड्यासारखी पोती उचलायला लागले. "लई जालीम चीज हाय रं," म्हणाले.

"आता मामींना सांगतो, दुसरी वरात काढा म्हणून," बद्रीनाथ म्हणाला.

पाचच्या सुमारास मामा पोत्यावर टेकले. बोटं थरथरत होती, कपाळ घामानं भिजलेलं. आजारी मेंढी चाचपावी तसा त्यांनी स्वतःच्या बरगडीखाली हात धरला.

"काय होतंय मामा?"

"मेंढीचं काळीज असं उडायला लागलं की मी तिला कळपातून बाजूला काढायचो."

"मग?"

"मग काय. सकाळ बघायची नाय ती."

बद्रीनाथनं मामांना रिक्षात घातलं आणि पैठण रोडनं शहराकडं नेलं. मामांच्या पाठीला लावलेल्या तळव्याला ठोके लागत होते. दोन घाईचे, मग एकदम काहीच नाही. तेवढ्यात बानाबाईमामींचा फोन आला.

"भगर पाठवू का कुणासंगं? सकाळधरनं उपाशी हायेत."

"कामात हायेत मामी," तो म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला आणि काय काय घेतलं ते विचारलं. सहा कप चहा सांगून झाला; दोन कॅन सांगताना बद्रीनाथचा आवाज खाली गेला.

"झटका नाही," त्या म्हणाल्या. "पण ठोके चुकताहेत, बीपी वाढलंय. कॅनमध्ये कॅफिन, चहातही तेच. उपाशीपोटी रक्तात लवकर उतरतं, आणि पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं. थकवा जात नाही त्यानं, फक्त कळेनासा होतो. रात्रभर ठेवून घेते. आधी काहीतरी खाऊ घाला."

"एकादशी हाय," मामा म्हणाले. "उद्या सोडीन."

उद्याचं नाव ऐकताच बद्रीनाथनं बिस्किटांचा पुडा फोडला. "खा मामा. तुमची एकादशी माझ्याकडं उधार. पुढची मी धरतो, तुमच्या नावानं."

मामांनी डोळे मिटून बिस्कीट खाल्लं. बद्रीनाथ मशीनच्या पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेघेकडं बघत राहिला. उजाडलं तेव्हा कुठं रेघ एका लयीत चालायला लागली.

त्यानंतर तीन एकादश्या झाल्या. एकीला चुलतभावाचं लग्न होतं, एकीला तो विसरला, आणि तिसरी आठवली तेव्हा तोंडात वडा होता. मामा हिशेब काढत नाहीत. एकादशीला दुपारी जवळून जाताना फक्त विचारतात, "जेवला का रं?"

"व्हय मामा," बद्रीनाथ म्हणतो.