जमादारांसह कोल्हापूरला

विमलकाकू सगळ्या कारंजा गावाला ‘तू’ म्हणत. बँकेच्या मॅनेजरला, घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरला, आणि वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेल्या मला तर पहिल्याच वाक्यात. आदराने हाक मारायच्या त्या फक्त एकालाच. मी राहायला आले त्या सकाळी खालून आवाज आला, “जमादार, उठा आता. ऊन आलं अंगावर.” मला वाटलं, घरात कुणी वडीलधारे गृहस्थ आहेत. पदर सावरून खाली गेले, तर अंगणात एक तांबूस, कान फाटका कुत्रा आळस देत होता.

“कुत्र्याला अहो-जाहो?” मी विचारलं.

“माणसाले तू म्हटलं अन् राग आला तं तो उलटून बोलते. यायले बोलता येते का? मंग मान आपणच द्या लागते.”

काकूंच्या घरचं भांड्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर दुकान मुलगा महेंद्र बघायचा. जमादार लहान असताना दुकानासमोर माल उतरवणाऱ्या ट्रकखाली सापडला होता. मागचा पाय मोडला. काकूंनी त्याला ओट्यावर आणलं, हळद लावली, जनावरांच्या डॉक्टरकडून पाय बांधून घेतला. बरा झाल्यावर तो रस्त्यावर मांडलेल्या पातेल्यांची राखण करू लागला, म्हणून जमादार. पाय जरा वाकडाच राहिला, आणि गाड्यांची भीती कायमची बसली. रिकामा ऑटो दिसला तरी तो माजघरात पळायचा. दुसरी अडचण अशी, की तो काकूंच्या हातूनच खायचा. एकदा काकू नात्यातल्या लग्नाला दोन दिवस गेल्या, तर त्याने पाण्यालाही तोंड लावलं नाही. शेवटी सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून काकू मुक्कामाला कुठेच गेल्या नव्हत्या.

त्यांची धाकटी बहीण शकुंतला कोल्हापूरला दिलेली. त्या पावसाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आली, पण खाटेवरून उठेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंकडे पाठ फिरवून झोपायची. बोलणंही जड झालं होतं. तिच्या सुनेने फोन केला, “मावशी, सगळं नीट होईल म्हणतात डॉक्टर, पण त्यांनीच मनावर घेतलं पाहिजे. त्यांना एकच शब्द नीट येतोय, ताई.”

काकूंनी फोन ठेवला. मग उठून म्हणाल्या, “महिनाभरासाठी जा लागते.”

“मी सोडून देतो आई,” महेंद्र म्हणाला. “जमादारले वावरात ठेवू. तथचा सालदार गडी पाहीन त्याले.”

“तथी उपाशी मरतीन ते.”

“मंग काय कुत्र्याले कोल्हापूर दाखवतं? गाडी दिसली तं लपते तो!”

“लपतात, कारण त्यायले गाडीखालून गाडी माहीत आहे. आतून कुठी पाह्यली त्यायनं?”

माझ्याकडे वडिलांची जुनी गाडी होती. ती अंगणात निंबाखाली उभी असायची. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर गाडीची चारही दारं उघडी, आणि मागच्या सीटवर काकू पाय दुमडून शेंगा सोलत बसलेल्या. जमादार लांब, तुळशीपाशी. काकू त्याच्याकडे बघतही नव्हत्या. हा कार्यक्रम रोज चालला. गाडीतच भाजी निवडायची, गाडीतच पेपर मोठ्याने वाचायचा, दुपारची भाकरीही गाडीतच. जमादार रोज थोडा जवळ यायचा. एका दुपारी भाकरीच्या वासाने त्याने पुढचे दोन पाय आत ठेवले. मी खिडकीतून ओरडणार होते, तेवढ्यात काकूंनी मान न वळवता हात वर करून मला गप्प केलं.

मग इंजिन सुरू करून नुसतं बसणं. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग एका रविवारी मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलो आणि सगळं बिघडलं. समोरून ट्रक आला. जमादार थरथरायला लागला, काकूंच्या मांडीवर ओकला आणि घरी पोचताच माजघरात जाऊन दडला.

“झालं ना आता?” महेंद्र म्हणाला. “सोड तो नाद.”

काकू नळाखाली लुगडं धूत होत्या. “तू सायकल शिकला तवा कितीदा पडला रे? म्या सायकल इकून टाकली का?”

जनावरांचा डॉक्टर भांडी घ्यायला दुकानात आला, तिथे काकूंनी त्याला गाठलंच. त्याने सांगितलं, प्रवासाआधी पोट हलकं ठेवा, सीटवर न बसवता खाली पायांशी बसवा, म्हणजे पळती झाडं दिसणार नाहीत, आणि मध्येमध्ये उतरवून चालवा. पुढच्या रविवारी काकूंनी आपलं जुनं लुगडं खाली अंथरलं, जमादाराला पायांशी घेतलं, आणि ट्रक दिसला की त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला. मंगरूळपीरला पोचलो. दर्ग्याजवळ सावलीत गाडी लावून आम्ही चहा प्यायलो, आणि जमादाराने उतरून शेपूट हलवली. घर आल्यावर काकू म्हणाल्या, “मास्तरीन, दिवाळीच्या सुट्टीत काय करून राह्यली तू?”

अशी मी कोल्हापूरला निघाले.

बांधाबांध आठवडाभर आधीच सुरू झाली. काकूंचं सामान एका कापडी पिशवीत मावलं. जमादाराचं मात्र ट्रंकभर. त्याची ॲल्युमिनियमची थाळी, गोधडी, दोन दोऱ्या, फडकी, डॉक्टरने दिलेल्या गोळ्या, लस टोचल्याचा कागद. तव्यावर कडक करून घेतलेल्या भाकऱ्यांचा डबा. डाळीचं भरडलेलं पीठ. आणि घरच्या विहिरीचं पाणी उकळून, गाळून भरलेल्या कॅन.

“काकू, पाणी सगळीकडे मिळतं.”

“मिळते. पण नव्या गावात माणसाचं पोट पयले बिघडते अन् मंग मन. आपण दोन्ही घरून नेऊ.”

निघताना महेंद्र फाटकात उभा होता. त्याने टायर तपासले, काच पुसली, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून जमादाराच्या डोक्यावर हात ठेवला.

काकू जैन, दिवस मावळल्यावर जेवत नसत. जमादारालाही तीच सवय. म्हणून ऊन कलतं झालं की जिथे असू तिथे गाडी थांबायची. त्या दिवशी सोलापूरच्या अलीकडे एका लॉजवर थांबलो. मॅनेजरने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाला, “कुत्रा चालत नाही.”

“चालतात ना बाप्पा,” काकू म्हणाल्या. “पाय मोडला होता, आता चांगले चालतात. जमादार, दाखवा.”

आणि जमादार खरंच लंगडत पायऱ्या चढून थेट त्याच्या टेबलापाशी जाऊन बसला. मॅनेजर हसायचं नाही असं ठरवून हसला. खाली मागच्या बाजूची खोली मिळाली. सकाळी काकूंनी स्वतः केरसुणी मागून घेतली आणि ती खोली आम्ही आलो होतो त्याहून स्वच्छ करून दिली. “आपल्या मागून कोणी कुत्रा घेऊन आला, तं त्याले नाही म्हणायची पाळी नको यायले.”

कोल्हापुरात सूनबाई दारातच थबकल्या. “कुत्रं पण आणलंय व्हय मावशी?”

“आणलं नाही वं, सोबत आलो.”

शकुंतलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ताईचा आवाज आल्यावर त्यांनी तोंड वळवलं आणि दोघी बहिणी खूप रडल्या. मला वाटलं, आता काकू समजूत घालतील, देवाधर्माचं सांगतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. दुसऱ्या सकाळी बहिणीला खाटेवर बसवलं, आधार देऊन उभं केलं आणि तिच्या डाव्या हातात दोरी दिली.

“प्रवासानं माहे गुडघे धरले. यायले अंगणात जा लागते. तू ने.”

शकुंतलाबाईंनी मान हलवली. नाही. जमादार दोरी ताणून उभा, एकदा दाराकडे बघायचा, एकदा त्यांच्याकडे. त्याची खरंच अडचण झाली होती. शेवटी त्याने बारीकसा कुंई आवाज काढला.

“मले नको सांगू,” काकू म्हणाल्या. “त्यायले सांग नाही म्हणून.”

शकुंतलाबाईंनी पाय उचलला. एका बाजूने मी, एका बाजूने सून. जमादार वाकड्या पायाने हळूहळूच चालायचा, त्यामुळे दोरीला हिसका बसला नाही. एक पाय टाकून तोही थांबायचा. खाटेपासून अंगणापर्यंत जायला आम्हाला किती वेळ लागला कोण जाणे. जमादाराने पारिजातकाच्या बुंध्याशी आपलं काम उरकलं, आणि शकुंतलाबाई हसल्या. वाकड्या तोंडाने, पण मोठ्याने. सुनेने तोंडावर पदर धरला. सासूचं हसणं तिने दवाखान्यापासून ऐकलं नव्हतं.

सुट्टी संपली तशी मी परतले. महिन्याचे दोन महिने झाले. फोनवर बातम्या यायच्या. फाटकापर्यंत गेली. कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत गेली. व्यायामाच्या बाईंशी भांडली, म्हणजे बोलायला लागली. संक्रांतीनंतर महेंद्र स्वतः त्यांना आणायला निघाला. आदल्या संध्याकाळी तो माझ्या दारात आला, जरा ओशाळून. “मॅडम, थे पाण्याच्या कॅन कुठी भेटतात?”

ते परत आले ती दुपार मला स्वच्छ आठवते. गाडी थांबली तशी दुकानदार, शेजारी, भाजीवाली सगळे फाटकाशी जमले. आधी जमादार उतरला, अंग झाडलं आणि शेजारीच उभ्या असलेल्या ट्रकच्या चाकाचा निवांत वास घेऊ लागला. मग काकू. आणि मग काठी टेकत शकुंतलाबाई. ताईचं घर हेच त्यांचं माहेर, पण लग्न होऊन गेल्यापासून तिथे त्या पाहुण्यासारख्या दोन दिवस यायच्या. आता चांगल्या महिनाभर राहायला आल्या होत्या.

ओट्याला तीन उंच पायऱ्या. महेंद्र धावला, मीही हात पुढे केला.

“कोणी हात लावू नका,” काकू म्हणाल्या. “चढते ती.”

सगळी गल्ली बघत उभी. शकुंतलाबाई पहिली पायरी चढल्या, थांबल्या. दुसरी. तिसरीला काठी घसरली, पण त्यांनी दाराची चौकट पकडली आणि वर पोचल्या. मग वळून खाली जमलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहत, एकेक शब्द नीट लावून म्हणाल्या, “उभे काहून हाय सारे? चहा मांडा.”

काकू तिथेच पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसत पुसत इतक्या हसल्या, की शेवटी चहा मलाच मांडावा लागला.